रांगेत त्र्याहत्तर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
पोचलो तेव्हा पावणेबारा झालेले, आणि ऊन असं
की गाडीवर बसायच्या आधी सीटवर रुमाल टाकावा लागतो.
गुंडेटी शेठ म्हणाले, काय बे, तीन वेळा फोन केला.
प्रिंटर केबिनबाहेर स्टुलावर,
अंगावर टॉवेल पांघरून. सेकंडचा माल, एका कडेचा धागा सुटलेला.
धूळ बसती, नागमणी मॅडम म्हणाल्या.
आणि म्हणाल्या, रोज सकाळी चालतो
आणि रोज सकाळी चालत नाही.
तक्रार एवढीच. आणि ती अगदी बरोबर होती.

राउटर इथे रोज नवे पत्ते वाटतो,
जो आधी उठेल त्याला आधी.
रात्री लाइट जाते, पहाटे येते,
काल सातवर असलेला प्रिंटर आज बारावर,
सातवर आता वॉचमनचा मोबाइल,
आणि टाइम ऑफिसचा कॉम्प्युटर इमानेइतबारे
वॉचमनच्या खिशाकडे कागद पाठवतोय.

हे मला लवकर कळतं.
आम्ही नऊ वर्षांत चार खोल्या बदलल्या.
आईचं विडीचं कार्ड अजून पहिल्याच पत्त्यावर,
तिथे आता कुणाची तरी पिठाची गिरणी आहे.

म्हणून प्रिंटरला पक्का पत्ता दिला.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, आणि शेवटी दोनशे.
दोनशेच का?
वाटपाच्या बाहेरचा, म्हटलं. गर्दी तिथवर पोचत नाही.
मॅडमनी तो भिंतीवर खडूनं लिहून ठेवला,
रंगवाल्याच्या आणि ट्रान्सपोर्टच्या नंबराखाली,
जसा काही फोन लावला तर प्रिंटर उचलेल.

ड्रायव्हर शोधताना मागे कुणीतरी उभं राहिलं.
व्यंकटस्वामी. चादरी होत्या तोवर
जेकार्डची कार्डं पंच करायचे.
आता चहा, बँक, आणि पावत्यांच्या फायली.
काय शोधलालास?
याचं नाव, म्हटलं. यादीत सापडंना.
ते म्हणाले, आमच्यात एक भोक चुकलं
की मोराची मान चादरीभर वाकडी.
मी मॉडेल नंबर परत बघितला.
शेवटचं अक्षर चुकलं होतं.

मग टेस्ट पेज.
मशीन खाकरलं, आत काहीतरी फिरलं,
आणि आलं ते टेस्ट पेज नव्हतं.

रांग आधी पुसायची असते. विसरलो होतो मी.
टाइम ऑफिसची त्र्याहत्तर कामं, जानेवारीपासून अडकलेली,
पत्ता मिळाल्या मिळाल्या निघाली.
गड्ड्याच्या सुट्टीची नोटीस.
इचलकरंजीच्या पार्टीचं चलन, त्याच चलनाच्या अकरा प्रती,
कुणीतरी रागानं दाबत राहिलेलं.
कुणाच्या तरी मुलीचं हॉलतिकीट. परीक्षा झाली, निकालही लागला.
शेठचं अर्धंच आधार कार्ड.
कॅन्सल कर की बे, शेठ आतून ओरडले, कागद चाललाय!
मी बोट नेलं, तेवढ्यात
मॅडमनी एक पान उचललं.

रजेचा अर्ज. लक्ष्मण कामतम, सेकंड शिफ्ट.
आईला सिव्हिलमध्ये ठेवले आहे, चार दिवस.
तारीख अकरा मार्च.
त्या हळू म्हणाल्या, हा सांगत होता, अर्ज दिला म्हणून.
आपण म्हटलं, कागद कुठाय?
चार दिवस बिनपगारी धरले होते.
केबिनमधला पंखा तेवढा ऐकू येत होता.
मग शेठ बाहेर आले, पान वाचलं,
परत वाचलं, आणि म्हणाले, येऊ दे. सगळं येऊ दे.

व्यंकटस्वामींनी तो अर्ज घेतला,
कड टेबलावर ठोकून सरळ केली,
डोळ्यांनीच मधला भाग मोजला
आणि पंच दाबला. दोन भोकं.
एक गुंज इकडेतिकडे नाही.

टेस्ट पेज सगळ्यात शेवटी आलं, रंगाच्या पट्ट्या घेऊन.
ते कुणी बघितलंच नाही.

बिल इथंच छाप की, शेठ म्हणाले.
छापलं. माझ्या नावाखाली पत्ता आधीच्या खोलीचा.
पेननं खोडला, नवा लिहिला.
शेठ बघत होते.
हा तरी पक्का का बे?